वरच्या मजल्यावरची नणंद

मिस्त्रीच्या कामाला गावात कुणी कधी नावं ठेवली नाहीत. त्यानं बसवलेल्या फरशीवरून पाणी ओतलं की ते मुकाट्यानं मोरीकडेच जायचं. असा हा माणूस, आणि स्वतःच्या घरात मधल्या भिंती घातल्या त्या पालिकेला न विचारता! आता तुम्ही म्हणाल, जन्म बांधकामात गेला, तरी त्याला कळत नव्हतं का? कळत होतं हो, म्हणूनच विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मुलीचं शिक्षण भाड्याशिवाय व्हायचं नव्हतं.

तर एका घराची तीन घरं झाली. खाली मिस्त्री नि बायको, मागे एक ट्रकवाला, वर शाळेतल्या मास्तरीणबाई. प्रत्येकाची चूल वेगळी, पण बाहेर पाटी एकच आणि बेलही एकच. एकदा वाजली तर मिस्त्रीकडे, दोनदा वाजली तर वर, तीनदा वाजली तर मागे. मिस्त्रीनं गल्लीत सांगून ठेवलं होतं की वरची माझी बहीण आणि मागचा माझा मेहुणा. हा मेहुणा मिस्त्रीच्या बायकोच्या दुप्पट उंच होता, पण उंची मापायला कोण येतंय?

एकदा आलं खरं कुणीतरी. कुणीतरी चुगली केली आणि पालिकेचा माणूस दारात उभा राहिला. मास्तरीणबाई तरातरा जिना उतरून खालच्या स्वयंपाकघरात शिरल्या, डाव हातात घेतला आणि अगदी घरच्यासारखं म्हणाल्या, "वहिनी, मीठ बघा हो जरा." बायकोनं मीठ बघितलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, वन्सं." पालिकेचा माणूस एक कुटुंब, एक चूल असं लिहून गेला. तो वळणाआड होईपर्यंत सगळ्यांनी दम धरला, मग हसून हसून पोटं दुखली.

तेव्हापासून त्या दोघी थट्टेनं एकमेकींना वहिनी आणि वन्सं म्हणायला लागल्या. थट्टेची पुढे सवय झाली. ट्रकवाला त्याच्या मुलाकडे निघून गेला, मिस्त्रीची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. उरली ही तिघं. दुपारी बायको वरून खाली हाक मारायची की खालून वर, हे मिस्त्रीला शेवटी शेवटी कळेनासं झालं होतं.

मग बायकोचं विसरणं सुरू झालं. आधी दूध उतू जायचं, पुढे मुलीचं नाव आठवेना. एक दिवस ती दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून बसच्या थांब्यावर जाऊन बसली, आणि कुठं जायचंय विचारलं तर नुसती हसली. त्या दिवसापासून मिस्त्री आंघोळीला जायचा तो दाराला बाहेरून कडी घालायला मास्तरीणबाईंना बोलावून. मुलगी फोनवर रडली. "बाबा, तुम्हाला एकट्याला नाही निभायचं. घर विका. माझ्या शेजारची जागा रिकामी होतेय, मी बघते आईकडे."

गिऱ्हाईक चांगलं मिळालं. पण त्यांच्या वकीलबाईंनी पालिकेतून घराचा मंजूर नकाशा काढून आणला. नकाशात स्वयंपाकघर एक, घरात तीन! त्या म्हणाल्या, असलं घर कुणीच घेणार नाही. मार्ग दोनच. दहा वर्षांवर इथं वेगवेगळी बिऱ्हाडं राहतात असं सिद्ध करा, म्हणजे पालिका दंड घेऊन बांधकाम कायम करेल. नाहीतर फोडून पुन्हा एक घर करा.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. सिद्ध काय करायचंय त्यात? खरंच तर आहे! शिवाय नवे मालक मास्तरीणबाईंना वर राहू द्यायला तयार होते. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून काम होणार होतं.

पालिकेचा साहेब आला. हा नवा, पोरगेलासा, बोलायला गोड. मास्तरीणबाईंनी छडी हातात असल्यासारखं ठणकावून सांगितलं, "मी भाडेकरू आहे." साहेब म्हणाला, पावत्या दाखवा. पावत्या कुठल्या? भाडं हातात दिलं जायचं, वर चहा व्हायचा. साहेबानं समोरच्या वाण्याला विचारलं. वाणी शब्दाचा पक्का. "छे छे साहेब! सख्खी बहीण आहे ती त्यांची. भाडेकरू कसले?" आणि त्यानं मिस्त्रीकडे बघून डोळा मारला. मिस्त्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

एवढ्यात बायको पदर सावरत बाहेर आली. साहेबानं तिलाही विचारलं, "काकू, या कोण?" ती म्हणाली, "अहो, कोण काय? नणंद माझी. आमची चूल एकच आहे." कितीतरी दिवसांत ती इतकं नीट, इतकं ठाम बोलली नव्हती.

साहेबाला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "काका, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मी लिहू काय?"

मग फोडणं आलं. मास्तरीणबाईंनी वरचा ओटा रिकामा केला, पुसून घेतला आणि म्हणाल्या, "फोडा. माझ्याकडे बघू नका, कामाकडे बघा." ओटा लवकर फुटेना. घातलाच तसा होता. मिस्त्री घाव घालत होता आणि रडत होता, आणि बायको जिन्याखालून विचारत होती की वर काय चाललंय. दोन दिवसांनी मास्तरीणबाईंचा भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी वहिनीला सांगितलं की चार दिवसांत येते. येणार कुठं होत्या? यायला जागा राहिली नव्हती.

घर विकलं गेलं. सामान गेलं, गाडी दारात आली. बायको जिन्याच्या पायरीवर बसून राहिली.

"चल गं, पोरगी वाट बघतेय."

"वन्सं आल्या नाहीत अजून. त्यांना टाकून कशी येऊ?"

मिस्त्रीनं समजावलं, दटावलं, हात जोडले. गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. शेवटी मिस्त्रीचा तोल गेला आणि तो ओरडला, "अगं, ती माझी कुणी नाही! भाडेकरू होती ती, बहीण नव्हे!"

बायकोनं कठड्याला घट्ट धरलं आणि त्याच्यापासून एक पायरी वर सरकली.

"इतकी वर्षं जेवल्या आपल्यात," ती म्हणाली. "आज त्या कुणी नाहीत म्हणताय. तिथं नेऊन उद्या मलाही असंच म्हणाल."