थांबलेल्या बसचे पंच

मॅनेजरसाहेबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या खिडकीशी संगमरवराच्या लाद्यांवरच्या चिरा तपासत होते. "मॅडम, चौकशी समितीत तुमचं नाव आलंय. उद्यापासून तीन दिवस."

"माझंच का?"

"ऑफिसमधून एक, कामगारांतून एक आणि एक ओमानी. चिठ्ठ्या टाकल्या. नाही म्हणता येणार नाही."

ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात तेव्हा मला नऊ वर्षं झाली होती. वसईहून आले ती लग्न करून, आणि नोकरी लागली ती योगायोगाने. कोणाच्या पोटावर पाय देण्याचा अधिकार आपल्या हातात येईल असं कधी मनातही आलं नव्हतं. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, "मम्मी, सो यू आर द ज्युरी!" मग मराठीत जुळवत, "ज्युरीला आपल्यात... काय म्हणतात?"

"पंच," मी म्हटलं.

प्रकरण सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. आमची दगडाची खाण रुस्ताकच्या पलीकडे डोंगरात. रोज पहाटे दोन बस माणसं घेऊन तिकडे जात. वाटेत एक वादी लागते, म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. वर्षभर तिथे नुसते गोटे असतात. त्या दिवशी पहिली बस पार झाली. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर काठावर थांबला, आणि थांबलाच. पात्र कोरडं होतं. सुपरवायझरने फोनवर सांगितलं, "यल्ला, पुढे चल." तो हलला नाही. चौथ्या फोनला त्याने मोबाईलच बंद केला. वीस मिनिटांनी डोंगरातून पुराचं पाणी आलं आणि दुपारपर्यंत उतरलं नाही. खाणीवरचं यंत्र दिवसभर पुरेशा माणसांवाचून उभं राहिलं. सुपरवायझरचं म्हणणं साधं होतं: सांगितलं तेव्हा निघाला असता तर दोन मिनिटांत पलीकडे गेला असता. पहिली बस गेलीच ना?

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

समितीत माझ्याबरोबर दोघे होते. एक केरळचे इलेक्ट्रिशियन, कमी बोलणारे, कराराची मुदत संपत आलेली. दुसरे स्टोअरचे मुख्य, रुस्ताकचेच, साठीकडे झुकलेले ओमानी गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणायचो, त्यांच्याकडे काकांना म्हणतात तसं. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरला बोलावलं. कुडाळकडचा माणूस, पन्नाशीचा, धुतलेला शर्ट घालून आलेला. हिंदीतल्या प्रत्येक प्रश्नाला "हां साब", "नहीं साब" एवढंच. इलेक्ट्रिशियननी विचारलं, "पानी था?" तो म्हणाला, "नहीं साब." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संपलंच म्हणायचं सगळं.

मी मराठीत विचारलं, "दादा, पाणी नव्हतं, तर थांबलात का?"

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "म्याडम, व्हाळाक पाणी काय सांगान येता? वर डोंगरार ढगांचो काळोख झाल्लो. माझ्या पाठीमागे बावीस माणसा बसलेली. त्येंका घेवन मी कसो जातलंय?"

"मग फोन का बंद केलात?"

"चारदा 'जा' म्हटल्यानी. पाचव्यांदा म्हटला असता तर मी गेलंय असतंय." तो खाली बघून म्हणाला. "म्हणान बंद केलंय."

मी ते दोघांना हिंदीत सांगितलं. अम्मींनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "उद्या आपण तिथे जाऊ. खुर्चीत बसून वादी दिसत नाही."

त्या दिवसाची आठवण मी अजून जपून ठेवली आहे. कंपनीची जीप अम्मी चालवत होते. रुस्ताकमध्ये शिरल्यावर त्यांनी गाडी सरळ स्वतःच्या घरापाशी उभी केली. "आधी कहवा," म्हणाले. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर आम्ही तिघे, मध्ये खजुरांचं ताट, बिनदुधाची वेलचीची कॉफी छोट्या पेल्यांतून. पेला हलवून परत दिल्याशिवाय ओतणारा थांबत नाही हे इलेक्ट्रिशियनना माहीत नव्हतं, त्यामुळे ते सात पेले प्याले आणि आठव्याला घाबरून माझ्याकडे बघायला लागले. अम्मी एवढे हसले की आतून त्यांची बायको डोकावून गेली. तिने मला आत बोलावलं. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी तिने माझ्या मुलीचं वय बोटांवर मोजून घेतलं आणि हलव्याचा डबा हातात दिला.

मग वादीवर गेलो. कोरडे ठणठणीत गोटे, वर निळं आकाश. अम्मी एका बाभळीखाली जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वर बघा." फांद्यांत गवत, प्लॅस्टिक आणि एक फाटकी चटई अडकली होती. मी हात वर केला. तिथवर पोचला नाही.

"हे त्याच दिवसाचं," ते म्हणाले. "माझा चुलतभाऊ इथून असाच वाहून गेला. तेव्हाही पात्र कोरडंच होतं."



तिसऱ्या दिवशी निकाल लिहायचा होता. तिघांचं एकमत आणि तिघांच्या सह्या हव्या होत्या. अम्मी म्हणाले, "निर्दोष. खलास." इलेक्ट्रिशियन म्हणाले, "थांबला ते बरोबर. पण फोन बंद केला, त्याचं काय? काहीच लिहिलं नाही तर साहेब म्हणतील तुम्ही त्याला सामील आहात." दुपारचे दोन वाजले तरी आम्ही तिथेच. मुलीची परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली होती, माझं डोकं दुखत होतं. शेवटी मीच तोड काढली. थांबल्याबद्दल दोष नाही, फोन बंद केल्याबद्दल लेखी ताकीद. एक ओळ. त्याने काय बिघडतं?

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी कळलं की लेखी ताकीद असलेल्या ड्रायव्हरला माणसांच्या बसवर ठेवत नाहीत, असा कंपनीत नियम होता. नोकरी राहिली, पण त्याला दूर दक्षिणेला, दुक्मच्या वाळवंटात पाठवलं, पाण्याच्या टँकरवर. मी मॅनेजरकडे गेले, भांडले. ते म्हणाले, "मॅडम, सही तुमचीच आहे." हे खरं होतं.

तो जायच्या दिवशी मी गेटवर गेले. त्याच्याकडे एक बॅग आणि दोरीने बांधलेली गादी होती. मी म्हटलं, "दादा, ती ओळ माझी होती."

"माका ठावक आसा," तो म्हणाला. "तुमी माका इचारलास तरी. बाकी कोणी इचारूकसुद्धा नाय."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

या गोष्टीला आता आठेक वर्षं झाली. दर वर्षी आमच्या नाताळला दुक्महून त्याचा फोन यायचा. "हंय व्हाळ नाय, नुसतो वारो," असं म्हणून हसायचा. आता तो गावी शाळेची बस चालवतो. इलेक्ट्रिशियन केरळला परतले. मुलगी शिकायला मुंबईला गेली. मी अजून त्याच खिडकीशी लाद्या तपासते, पण जेवणाच्या सुट्टीत ज्यांच्याजवळ जाऊन बसावं अशी माणसं राहिली नाहीत.

अम्मी निवृत्त होऊन रुस्ताकला खजुराच्या बागेत असतात. मागच्या हिवाळ्यात मी आणि नवरा जाऊन आलो. झाडांना पाटाचं पाणी चाललं होतं, आम्ही बांधावर बसलो. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "तुम्ही तेव्हा सही का केलीत? तुम्हाला तर पटलं नव्हतं."

ते म्हणाले, "तू दमली होतीस. मीही दमलो होतो." मग पाटाकडे बघत, "आणखी एक दिवस बसायला हवं होतं आपण."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पाटातला एक दगड सरकवून पाणी पुढच्या झाडाकडे वळवलं आणि आम्हाला जेवायला थांबवून घेतलं.