सर्वानुमते

चेअरमनबाबा खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसत. पाठ कधी टेकवायचे नाहीत. समोरच्याला वाटावं, आत्ता उठतील नि निघतील. "बाबा, नीट बसा की," असं कोणी म्हटलं तर म्हणायचे, "नीट बसलो की झोप लागते. खुर्ची सोसायटीची हाय, माझ्या बापाची नाय. उठायची सवय असलेली बरी."

केळवे आणि तारापूरच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं गाव. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे ते चेअरमन आणि मी सचिव. त्याआधी ते तांडेल होते, म्हणजे होडीचं सुकाण त्यांच्या हातात असे. आमच्याकडे रीत आहे, किनाऱ्यावरची खूण तांडेलाला दिसेनाशी झाली की त्याने सुकाण दुसऱ्याच्या हाती द्यायचं. कोणी सांगायची वाट बघायची नाही. बाबांची एकदा पहाटेच्या धुरकटात देवळाचा कळस ओळखायला चूक झाली. होडी सुखरूप आली, कोणाला पत्ताही लागला नाही. पण बाबांनी घरी येऊन आंघोळ केली, नारळ आणला आणि पुतण्याच्या हाती सुकाण दिलं. "होडीत सहा जणांचा जीव असतो. दर्यावर मान-बिन चालत नाय," म्हणाले.

मला त्यांनीच नोकरीला घेतलं. पालघरच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन मी घरी बोंबील वाळवत बसले होते. मच्छीमारांच्या ऑफिसात बाईमाणूस नको, असं अर्धं गाव बोललं. बाबा म्हणाले, "ही तोंडावर खरं बोलते. मला असंच माणूस हवं." आता हे आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं मला.

दुपारचं जेवण झालं की ऑफिसातल्या टीव्हीवर बातम्या लागायच्या आणि बाबांची जीभ सुटायची. "बघ गो, ऐंशी वर्षांचा म्हातारा देश चालवायला निघालाय. नातवंडं खेळव म्हणावं! त्या अमेरिकेत कसं, राष्ट्राध्यक्षाला दोनच टर्म. तिसऱ्यांदा दार बंद. आपल्याकडे दार कोण लावतं?" नुसतं बोलून ते थांबले नव्हते. पहिल्यांदा निवडून आले तेव्हाच त्यांनी ठराव करून घेतला होता: चेअरमनला दोन टर्म, आणि सत्तरी ओलांडलेल्याने उभं राहायचं नाही. वर, वर्षातून एकदा साधारण सभेत कोणीही उठून चेअरमनला जाब विचारावा आणि चेअरमनने उभं राहून उत्तर द्यावं.

दोन टर्म संपल्या तेव्हा बाबा खरंच उठले होते. सभेत हात जोडले आणि निघाले. लोकांनीच दार अडवलं. "बाबा, तुमी गेलात तर डिझेलसाठी पालघरला भांडणार कोण?" तेवढ्या खेपेपुरता ठराव बाजूला ठेवावा असं ठरलं. सगळे हात वर गेले, माझाही गेला. इतिवृत्तात मी लिहिलं, सर्वानुमते. पुढच्या खेपेला बाबा जरा कमी नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या खेपेला नाही म्हणालेच नाहीत, आणि सत्तरीची आठवण कोणी काढली नाही. मी काढायला हवी होती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं आहे? मी आपली वळणदार अक्षरात सर्वानुमते लिहीत राहिले. तोवर बाबा खुर्चीत पाठ टेकवून बसायला लागले होते.

मग विसरायला लागले. आधी नावं, मग वार. एकदा माकुणसारहून आलेल्या व्याह्यांना त्यांनी दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "चहा घेणार ना?" लोक हसले, मीही हसले. घरी जाताना मात्र कळलं, हे हसण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना सांभाळून घ्यायला लागले. कोण भेटायला येतंय ते आधी कानात सांगायचं, सही कुठे करायची तिथे बोट ठेवायचं, फोन मीच उचलायचा, हवामानाच्या इशाऱ्याचासुद्धा. दोन वर्षं गावाला कळू दिलं नाही मी. केवढी हुशार समजत होते स्वतःला!

त्या दिवशी भाचीचा साखरपुडा होता, बोईसरला. मी रजा घेतली. फोनपाशी कोणाला तरी बसवायला हवं होतं, हे मला घरातून निघतानाच कळत होतं. पण बसवलं असतं तर का बसवलं ते सांगावं लागलं असतं. एका दिवसात काय होतंय, म्हटलं आणि रिक्षात बसले.

दुपारच्या भरतीला चार होड्या गेल्या. संध्याकाळी वारा फिरला. तीन होड्या कशाबशा आल्या, चौथी खाडीच्या तोंडाशी उलटली. पाच जणांना ओढून काढलं. रमेश मिळाला नाही. सालवडला खोली घेऊन कारखान्यात पाळ्या करणारा हा पोरगा वर्षापूर्वीच नोकरी सोडून होडीवर आला होता. त्याची बायको जानकी तीन दिवस किनाऱ्यावर उभी होती. बसली नाही की रडली नाही.

चौथ्या दिवशी मी ऑफिस उघडलं आणि हवामानाच्या इशाऱ्यांची वही काढली. बाबांच्या थरथरत्या अक्षरात ओळ होती: सकाळी दहा. पालघरहून फोन. होड्या सोडू नयेत. त्यांनी फोन घेतला होता, शिरस्त्याप्रमाणे लिहूनही ठेवलं होतं. आणि वही मिटून लाल बावटा लावायला उठेपर्यंत विसरले होते. ते पान फाडायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. खोटं कशाला बोलू, कोपऱ्याला बोटंही लावली होती.

महिन्याने सभा झाली. जानकी उभी राहिली. गावात त्या ठरावाप्रमाणे जाब विचारणारी ती पहिलीच.

"बाबा, इशारा आला होता काय?"

"नाय आला. आला असता तर मी बावटा लावला नसता काय?" बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मग माझ्याकडे वळून अगदी विश्वासाने म्हणाले, "सांग गो यांना."

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आला होता, बाबा." आणि वही पुढे केली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली. "हे अक्षर माझंच हाय," म्हणाले. मग जानकीकडे बघून, "म्हणजे मी मारला त्याला."

मी उठले आणि दोन वर्षं काय काय लपवलं ते सगळं सांगितलं. पण त्या वेळी माझं ऐकायला कोणाचे कान होते? बाबा खुर्चीचा हात धरून उठले, तिथेच राजीनामा दिला आणि घरी गेले. त्यांना खुर्चीवरून उठवणं इतकी वर्षं कोणाच्याने झालं नव्हतं, ते असं झालं.

त्यानंतर बाबा झपाट्याने विझले. सभा विसरले, राजीनामा विसरले. एकच गोष्ट कुठेतरी अडकून राहिली. संध्याकाळ झाली की ताट बाजूला सारायचे आणि विचारायचे, "चौथी होडी आली काय?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, म्हणायच्या, आली. त्यांना पटायचं नाही. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. तिला बोलव. ती खोटं बोलत नाय." मग काकी मला बोलवायच्या. मी जायचे, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "आली बाबा, सगळे आले," आणि ते जेवायचे. रोज.

एकदा वाटेत जानकी भेटली. मी कुठे जाते, काय सांगते, तिच्या कानावर गेलं होतं. माझ्याबरोबर चालू लागली. दाराशी म्हणाली, "मी त्याच्याशी बोलणार नाय."

बाबांनी ताट सारलं. "चौथी होडी आली काय?"

ती शेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. बाबांनी पुन्हा विचारलं. काकींनी पदर तोंडाला लावला.

"आली," जानकी म्हणाली. "सगळे आले. जेवा तुमी."

बाबांनी ताट पुढे ओढलं. जानकी बाहेर गेली, पायरीवर बसली आणि रमेश गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. आत बाबांचा हात थांबला. "कोण रडतंय गो?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही जेवा."