जोडी फुटत नसते

आमच्या थोरल्या साडूंइतका दुकानदारीला नालायक माणूस कोल्हापूरच्या मातीत दुसरा जन्मला नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही. राजारामपुरीतल्या त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, तोंडावर अनेकदा बोललो आहे, आणि दर वेळी "मग आलाय कशाला? निघा!" असं म्हणत त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आहे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. तसे ते सगळ्या जगालाच पावणं म्हणतात, पण गिऱ्हाइकाला म्हणताना त्यात "कधी जाताय?" हा प्रश्न मिसळलेला असतो.

दाजींचा धंदा जुन्या काचसामानाचा. दिव्याच्या टांगायच्या हंड्या, झुंबरं, गुलाबदाण्या, अत्तराच्या कुप्या, पैलू पाडलेले पेले, असला एकेकाळी सरदार-इनामदारांच्या दिवाणखान्यात मिरवलेला माल त्या चिंचोळ्या दुकानात छतापर्यंत भरलेला असायचा. आत शिरलेल्या माणसानं कोपरं अंगाशी धरून, श्वास बेतानं घेत उभं राहायचं. दाजी मात्र आडव्या अंगाचे, हात हवेत फेकत बोलणारे. तरी त्यांच्या हातून कधी काही फुटल्याचं ऐकिवात नाही. पेला पालथाच ठेवायचा, हा त्यांचा पहिला कायदा. उताणा पेला दिसला की त्यांचं डोकं फिरलंच. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात वरमाय ओवाळायला उभी असताना हा माणूस पंगतीच्या जागी मांडलेले सगळे पेले पालथे करत फिरत होता, आणि वाढप्यांवर ओरडत होता, "धूळ जाती की आत! डोळं हायत का बटणं?" पेले स्टीलचे होते. स्टीलवर तर त्यांचा दात होता. आमच्या घरी जेवायला आले की ताटाजवळचं भांडं दोन बोटांनी लांब सारायचे आणि पिशवीतून स्वतःचा काचेचा पेला काढायचे. माझी बायको हा अपमान अजून विसरलेली नाही.

त्या रागाला कारण होतं. एकोणीसशे साठच्या सुमारास गावात स्टीलचं वारं शिरलं. माळ्यावरच्या हंड्या, गुलाबदाण्या बायका भंगारवाल्याच्या गाडीत टाकायच्या आणि बदल्यात स्टीलचा डबा मिळाला की शेजारणींना दाखवत सुटायच्या. दाजी त्या हातगाडीच्या मागे धोतराचा सोगा सावरत पळायचे. दुकानात कुणी वस्तू विकायला आलं, तर विकत घ्यायचं सोडून त्यालाच झापायचे. एकदा एका इनामदारांच्या सूनबाई गुलाबदाणी घेऊन आल्या. दाजींनी गुलाबदाणीला टिचकी मारली, कान लावून नाद ऐकला आणि कडाडले, "ही विकायला आणलीसा? लाज वाटत न्हाय? ह्यासारखी पुन्हा व्हणार न्हाय. घरी जावा, पुसा, कपाटात ठेवा!" बाई म्हणाल्या, "मग तुम्ही दुकान कशाला काढलंय?" तर म्हणतात, "ज्यांच्या घरात अक्कल न्हाय त्यांच्यासाठी! तुम्हांस्नी आता मी दिली की." बाई गुलाबदाणी घेऊन परत गेल्या. दाजी दिवसभर खुशीत होते, आणि गल्ला दिवसभर रिकामा होता.

दुसरा कायदा जोडीचा. दोन पेले जोडीनं आले तर जोडीनंच जायचे. कुणी त्यातल्या एकाचा भाव विचारला की संपलंच. एका डॉक्टरांनी तो गुन्हा केला होता. "डॉक्टर, उद्या म्हनशिला नवरा द्या, बायकू राहू दे! जोडी फुटत नसती. एकट्याला किंमत न्हाय, ध्यानात ठेवा!" हे वाक्य राजारामपुरीच्या चार गल्ल्यांत पाठ होतं. दुकानात लहानाचा मोठा झालेला त्यांचा मुलगा तर पाढ्यांच्या आधी हे वाक्य शिकला असावा.

पुढं बाजार फिरला. सत्तर सालानंतर मुंबईचे व्यापारी मोटारी घेऊन कोल्हापुरात येऊ लागले. मोठ्या हॉटेलांना, सिनेमावाल्यांना, नव्या श्रीमंतांना एकाएकी जुनी काच हवीशी झाली. 'अँटिक' हा शब्द भाजीवाल्यापर्यंत पोचला. आणि मग ज्यांना ज्यांना दाजींनी वर्षानुवर्षं "ही विकू नका, ही लाखमोलाची हाय" म्हणून शिव्या घातल्या होत्या, त्या साऱ्यांना त्यातलं नेमकं 'लाखमोलाची' एवढंच आठवलं. लोक वस्तू घेऊन दुकानात यायचे, दाजींकडून पारख करून घ्यायचे, त्यांचाच चहा प्यायचे आणि वस्तू मुंबईकराला विकायचे. त्या इनामदारांच्या सूनबाईंनीही तेच केलं. वर दाजींना पेढे देऊन गेल्या. इकडे बाजारात कालपरवा फुंकलेली काच, काजळी फासून, चिखलात पुरून, पणजोबांच्या नावानं खपू लागली. दाजी असली हंडी दिसली की रस्त्यात उभं राहून ओरडायचे, पण ऐकतो कोण! मला त्या व्यापाऱ्यांचा संताप यायचाच, पण जास्त दाजींचा यायचा. "तुम्हीच शहाणं केलंत सगळ्यांना. आता बसा माश्या मारत," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "निघा!" चहा यायचा.

एवढ्या वादळात एका वस्तूवर मात्र कुणाची नजर पडलेली नव्हती. दाजींचं घर आहे त्या जुन्या गल्लीत मोहरमात पिराचे पंजे बसतात. पंजांच्या दोन्ही अंगांना हिरव्या काचेच्या दोन हंड्या टांगायची रीत. कधीकाळी दाजींच्या आजोबांचं आणि शेजारच्या बांगडीवाल्यांचं, या हंड्या वर्षभर कुणाच्या घरी राहायच्या यावरून जोरदार भांडण झालं होतं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी निवाडा दिला, की एक हंडी या घरी, एक त्या घरी. भांडलात तरी उजेडासाठी एकमेकांच्या दारात जावंच लागेल. तेव्हापासून तसंच चाललं होतं. मोहरमाच्या आधी बांगडीवाल्या भाभी आपली हंडी पदराखाली धरून आणायच्या, दाजी आपली काढायचे, आणि दोघं ओसरीवर बसून राखेनं आणि मऊ फडक्यानं त्या पुसायचे. सगळ्या कोल्हापुरावर ओरडणारा हा माणूस तेवढा वेळ हळू बोलायचा. जोडी फुटत नसते म्हणणाऱ्याच्याच घरात अर्धी जोडी, म्हणून मी एकदा डिवचलं. तर म्हणाले, "ती फुटलेली न्हाय, पावणं. ती दोन घरांत मिळून एक हाय."

हे त्यांनी मला सांगितलं. मुलाला सांगायचं राहून गेलं. घरच्याच माणसाला काय सांगायचं, असं वाटलं असेल.

दत्त जयंतीला दाजी नृसिंहवाडीला गेले होते. दुकानात मुलगा होता. मुंबईचा एक व्यापारी आला आणि गोड बोलत घरापर्यंत पोचला. हंडी पाहून त्यानं चांगला भाव सांगितला. मुलाला आनंदानं हसू आवरेना. एकट्या हंडीला किंमत नाही, हे बाळपणापासून ऐकलेलं. दोन-तीन वर्षं पंजांजवळ मंडळाच्या ट्यूबलाइटी लागत होत्या, हंड्या नुसत्या शोभेला. त्याला वाटलं, मुंबईच्या शहाण्याला आपण कोल्हापुरी हिसका दाखवला. वडील परत आले तेव्हा मी दुकानातच होतो. पोरगा छाती काढून म्हणाला, "आप्पा, फुटकी जोडी खपवली बघा! तुमीच म्हंतासा न्हवं, एकट्याला किंमत न्हाय?"

मी डोळे मिटून घेतले. आता छत कोसळणार, असं वाटलं. पण दाजी प्रसादाची पुडी हातात तशीच धरून खाली बसले. आपलंच वाक्य असं उलटून अंगावर आल्यावर ओरडणार तरी कुणावर?

व्यापाऱ्याला अर्थातच सगळं ठाऊक होतं. तो दुसऱ्याच दिवशी भाभींच्या दारात गेला आणि दुसरी अर्धी मागू लागला. भाभींचे यजमान वारून बराच काळ झाला होता, घरात पैशाची ओढाताण होती. त्या माणसाला हे कळल्याशिवाय का तो गेला असेल? असल्या माणसांना दारातून आत घेणाऱ्यांचाही मला राग येतो. भाभींनी आत घेतलंच नाही. "ती विकायला माझी एकटीची न्हाय," म्हणून दार लावून घेतलं.

पण दाजींकडची गेली ती गेलीच. हे सांगायला भाभींकडे जायचं म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं. सगळ्या गावाची लाज काढणारा माणूस त्या उंबऱ्याशी मान खाली घालून उभा होता. "भाभी, आमच्या घरातनं गेली," एवढंच म्हणाले. भाभींनी आत जाऊन आपली हंडी आणली आणि त्यांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडं ठिवा, भाऊ. माझ्या पोरांचंबी काय सांगावं? मोहरमात मी येतो की तुमच्या दारात. पुसायला दोघं लागत्यात." दाजींनी ती घेतली. रस्ताभर छातीशी धरून चालले, आणि समोरून आलेल्या एकाही सायकलवाल्यावर ओरडले नाहीत.

त्यानंतर ते कुणावरच ओरडले नाहीत. मागेल त्याला मागेल ते देऊ लागले. लोक म्हणाले, म्हातारा सुधारला, आता धंदा करेल. मला मात्र तो सुधारलेला म्हातारा बघवेना. एका संध्याकाळी मुद्दाम फळीवरच्या जोडीतला एक पेला उचलला आणि मोठ्यानं विचारलं, "दाजी, हा एकटा केवढ्याला?" मनात म्हटलं, आता तरी म्हणा, निघा. त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि परत दिला. "तुमच्याकडनं काय घ्यायचं? असू दे." चहासुद्धा मागवला नाही. मी घरी येऊन बायकोवर विनाकारण भडकलो.

रात्रभर मला त्या फळीवरचा उरलेला पेला दिसत राहिला. सकाळी पहिल्या बसनं राजारामपुरी गाठली. दाजी काउंटरवर मान खाली घालून दिव्याची एक चिमणी पुसत होते. त्यांच्या डोक्यावर भाभींची हिरवी हंडी टांगलेली, आणि शेजारी छताला एक रिकामा आकडा. मी पेला त्याच्या जोडीदाराजवळ ठेवला आणि जायला वळलो.

"पावणं."

मी थांबलो. त्यांनी मान वर केली नव्हती. हातातलं फडकं मात्र थांबलं होतं.

"पालथा ठिवा की वो. धूळ जाती आत."

आवाज पूर्वीचा नव्हता, त्याच्या निम्माही नव्हता. मी परत फिरलो, पेला पालथा ठेवला, आणि बोलावलं नसतानाही स्टुलावर बसून राहिलो, चहा येतो का ते बघत.