दाराकडे वाकलेली रोपं

काल खंडेनवमीला मुलाने लॅपटॉपला झेंडू वाहिला आणि "आज याला विश्रांती" म्हणून तो बंद करून ठेवला. झेंडूचा तो उग्र वास आला आणि मला पुण्याजवळच्या मांजरी गावातली प्रयोगशाळा आठवली.

तिथे मी तेव्हा नोकरीला नवीनच लागले होते. काचेच्या बाटल्यांत उसाची बोटभर रोपं वाढायची, ऊन न बघता, नुसत्या ट्यूबलाइटच्या उजेडावर. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मी आणि आमचे इलेक्ट्रिशियन शेलारकाका यांनी रोपांच्या खोलीचं दार उघडलं. आत मिट्ट काळोख होता. बटणांवर हळदकुंकू, मांडण्यांवर सुकलेले झेंडू.

"पूजा करून दिव्यांना एक दिवस आराम दिला होता," काका पुटपुटले. "परत लावायचे राहूनच गेले."

आता नोकरी जाणार, असंच मला वाटलं. ती सगळी रोपं शेतकऱ्यांना द्यायची होती. काका दारातच थांबले; बटण मीच दाबलं.

रोपं जिवंत होती. पांढरीफटक, दोऱ्यासारखी लांब झालेली, आणि सगळीच्या सगळी आमच्याकडे वाकलेली. दाराखालच्या फटीतून तेवढाच काय तो उजेड आत येत होता.

मागून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या. रोपांकडे बघून म्हणाल्या, "अहो शेलार, विश्रांती हवी का, हे रोपांना विचारलं होतंत?"

पुढे बरीचशी रोपं हिरवी झाली. नोकरी जाण्याची माझी भीतीही गेली. त्या वाकण्याची मात्र आता जास्त भीती वाटते. कोणी येईल की नाही ठाऊक नसताना, ती अंधारात दाराकडे तोंड करून वाढत राहिली होती.