नळीवरचं बोट

पानात बुंदी पडली होती, वरण यायचं होतं. तेवढ्यात चेअरमन पंगतीतून चालत आले आणि माझ्या वडिलांना, आबांना, म्हणाले, "अरे, त्या पोरीला उठीव. पाव्हण्यांच्या घशाखाली घास उतरंना."

वरवंडला चेअरमनच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. चेअरमन म्हणजे गावच्या सोसायटीचे. त्यांची जमीन आबा वाट्याने करायचे. आम्ही धनगर. आज्याच्या काळात मेंढरं होती, नंतर दुसऱ्याच्या रानात राबणं आलं. आबा "व्हय, व्हय" करत उठले. माझा दंड धरला आणि मला गोठ्यामागे नेऊन बसवलं. पत्रावळ तिथे आणून दिली. मग ते परत गेले आणि आपल्या जागेवर बसून जेवले.

मी नऊ वर्षांची होते. चेअरमनचा राग आलाच. पण आबा परत जाऊन बसले, ते जास्त लागलं. बुंदी मी गाईपुढे टाकली.

माझा गुन्हा काय, तर माझ्या गळ्यात भोक होतं. लहान असताना मोठ्या आजारपणात पुण्याच्या दवाखान्यात मला बरेच दिवस मशीनवर ठेवलं होतं. जीव वाचला, पण तोंडातून घातलेल्या नळीने श्वासनळी आतून चिकटत गेली, अरुंद झाली. म्हणून डॉक्टरांनी गळ्याला पुढून भोक पाडलं आणि त्यात धातूची नळी बसवली. श्वास तिथून. बोलायचं तर नळीवर बोट दाबायचं, मग थोडा आवाज वर यायचा. तोही घोगरा. पोरगी मोठी झाली की बरगडीचं मऊ हाड काढून श्वासनळी रुंद करू, मग नळी काढू, असं ते म्हणाले होते.

तोवर मी एकटी. श्वास घेताना सूं सूं व्हायचं, म्हणून शाळेत पोरं मला कुकर म्हणायची. कालव्यात उतरायला बंदी, पाणी सरळ छातीत गेलं असतं. बाई हजेरी घ्यायच्या. मी बोट नळीपर्यंत नेईस्तोवर पुढचं नाव आलेलं असायचं. माझ्यासाठी थांबायला कुणालाच सवड नव्हती. मग मी बोट न्यायचंच सोडलं. त्या पंगतीनंतर आई नळीवर फडकं बांधायला लागली. फडकं श्वासाबरोबर आत ओढलं जायचं, जीव घाबरा व्हायचा. तरी बांधायची. गावाच्या घासाची काळजी, माझ्या श्वासाची नाही. मी गपचूप घरामागे जाऊन ते सैल करायचे.

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा मी सातवीत होते. चेअरमन स्वतः आमच्या वस्तीवर आले, पोरीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन. बाजेवर बसून माझ्याकडे बघत म्हणाले, "आता भोक बुजणार म्हणं. मग ये लग्नाला. पहिल्या पंगतीला बसवतो."

आबा हरखले. "पाया पड चेअरमनच्या," म्हणाले.

मी पडले नाही. फडकं सोडलं. नळीवर बोट दाबलं. एका दमात माझे फार शब्द निघत नसत, म्हणून तुटक तुटक बोलले. या वेळी सगळ्यांना थांबावं लागलं.

"भोक असताना उठवलंत. बुजल्यावर मी बसणार न्हाई."

चेअरमन हसले. "मुकी व्हती तीच बरी व्हती की रं," असं आबांना म्हणाले आणि गेले. पुढच्या हंगामाला त्यांनी जमीन दुसऱ्याला दिली. आबा दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालीला जायला लागले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले. ऑपरेशनलाही आले नाहीत. वॉर्डात बाकीच्या पोरांचे बाप यायचे, उशाशी बसायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई पायाशी असूनही फार एकटं वाटायचं.

नळी निघाली. भोक बुजलं. आवाज घोगराच राहिला, बोलताना मधे मधे दम घ्यावा लागायचाच.

लग्नाचं वय झालं. कासुर्डीचे पाहुणे बघायला आले. आबांनी मला आत गाठलं. "पदर गळ्याशी घट्ट घे. आन् नाव हळू सांग."

पदर मी होता तसाच ठेवला. नाव मोठ्याने सांगितलं.

मुलाचे मामा म्हणाले, "घसा बसलाय का?"

"न्हाई. कापलाय. बरगडीबी कापलीय."

चहा पिऊन ते उठले. आबा दारातच कपाळाला हात लावून बसले. "झाकलं असतंस तर जमलं असतं."

"झाकून जमणार आसंल तर मला नको, आबा. आन् माझ्यापायी कुणापुढं व्हय-व्हय करायचं न्हाई. इथून पुढं न्हाई."

लग्न होईल, न होईल. हा आवाज मी बारीक करणार नाही. त्याला वेळ लागतो, तेवढा वेळ समोरच्याने थांबायचं. नाही थांबला, तर मी त्याच्या वाटेत उभी राहून बोलेन.