ओठांवरचा ‘अप’

‘अप’ या एवढ्याशा इंग्रजी शब्दासाठी माझ्या थोरल्या चुलत्यांइतका झिजलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. वडील गेल्यावर आई आणि मी त्यांच्या एका खोलीत राहायला आलो. ते एकटेच होते. मिलच्या त्यांच्या पगारावर तिघांची चूल पेटायची. ज्वारी संपली की कण्यांवर भागायचं. चुलत्यांना मी तात्या म्हणायचो; ते विणकर. मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. तिथं कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलतात. तरुणपणी मिलच्या गोऱ्या साहेबाच्या ओठांवरून तात्यांनी ‘अप’ असाच उचललेला, आणि तो पुरता आला की सगळं इंग्रजी आलं, असं त्यांचं ठाम मत होतं.

पाळी संपवून आले की चहाच्या आधी मला समोर उभं करायचे आणि तोंडाकडे टक लावून बघायचे. “ओठ मिटव की! अर्धवट तोंडाचा अप नको आपल्याला.” मी कंटाळून आवाज न काढता नुसते ओठ मिटले, तरी “लई झ्याक!” म्हणून पाठ थोपटायचे. बाकीचे अर्थ मी कोशातून काढून त्यांना सांगायचो. ‘गेट अप’, ‘स्टँड अप’ त्यांना लगेच पटलं. पण ‘टेअर अप’, म्हणजे फाडायलाही ‘अप’ लागतो म्हटल्यावर विणकर माणूस दुखावला. “कापड फाडल्यावर वर काय जातंय रं?” आणि ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, हे कळल्यावर त्यांनी हातच झटकला. “ते ऱ्हाऊ दे. त्याचं आपल्याला काम न्हाय.”

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी नेमका इंग्रजीत नापास झालो. मिलमध्ये रीत अशी, की थकलेल्या विणकरानं काम सोडलं तर त्याच्या जागी घरचं माणूस लागायचं. आई म्हणाली, “भावजी, तुमी आता घरी बसा. कान पार गेलं. ह्यो लागंल तुमच्या जागंवर.”

“काय म्हंतीस बाई? ऐकू येत न्हाय.”

आई समोर येऊन ओठ हलवून सांगू लागली, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं! अख्ख्या खात्याचे ओठ वाचणारा माणूस! डॉक्टरांनी मागावर जाऊ नका म्हणून बजावलं, तेव्हाही त्यांच्या तोंडाकडे न बघता हे कॅलेंडर बघत बसले. ते मागावरून हलले असते, तर तिथं मी उभा राहिलो असतो. ते हलले नाहीत. उरलंसुरलं ऐकू येणंही तिथंच गेलं.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी मिलच्या फाटकाशी जाऊन थांबलो. पाळी सुटली. तात्या आले, भुवयांवर कापूस. मी सवयीनं ओठांनीच सांगितलं, “पास.”

“तसं नको. मोठ्यानं सांग.”

मी ओरडलो. जाणाऱ्या सायकली थांबल्या, भजीवाला वळून बघू लागला. तात्यांनी कानामागं हात धरला होता. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणाले. “दिसलं मला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. त्यांच्या जागेवर आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. मी बी.ए. झालो होतो, आमच्या घराण्यातला पहिला.