चालू गिरणीत हाक मारू नये

सोपानमामा गिरणी सुरू करायच्या आधी उजव्या पायातली चप्पल काढायचे आणि अनवाणी पाऊल मोटारीच्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवायचे. मग स्टार्टर दाबायचे. मोटारीने वेग घेतला, पट्टा फिरू लागला, दगड घरघरू लागले, तरी मिनिटभर पाऊल तिथेच. डोळे मिटलेले. मला वाटायचं, हा नमस्काराचाच काही प्रकार असावा. अवसरी खुर्दच्या बायकांनाही तसंच वाटायचं. एकदोघी तर त्या वेळी आपसूक डोक्यावर पदर घ्यायच्या.

मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, शेवयांचं मशिन घेऊन. घरी दोन मुलं होती आणि यजमानांची नोकरी साखर कारखान्यातली, म्हणजे हंगामापुरती. काहीतरी करणं भाग होतं. मामांनी शेडचा अर्धा भाग मला दिला. मी करारपत्राचा विषय काढला तर म्हणाले, "वैनी, मीटर येक, लाइट येक. फ्यूज उडाला तर दोघांचाबी उडंल. आनखी काय लिवायचं त्यात?"

मला मात्र लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्याच आठवड्यात मी पुठ्ठ्यावर यादी करून भिंतीला टांगली. सोमवारी ग्रीस. बुधवारी पट्ट्याची शिलाई तपासणे. पंधरा दिवसांनी दगडाला टाकी लावणे, म्हणजे छिन्नीने ठोकून त्याची धार परत आणणे. जादा फ्यूजतार, जादा बोल्ट, मंचरच्या मोटार दुरुस्तीवाल्याचा नंबर. मामा यादीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "लई झ्याक. पन वैनी, बेअरिंगला वाचता येतं का?" दळणाला आलेल्या बायका खो खो हसल्या. तरी पुढच्या सोमवारी ग्रीसचा डबा त्यांनी न सांगता काढला होता.

गिरणीची एक रीत होती: चालू गिरणीत हाक मारायची नाही. त्या घरघरीत ओरडून काही उपयोग नसायचा, आणि दचकून माणूस पट्ट्याकडे वळला तर घात. म्हणून सगळं हातांनी चालायचं. चिमूट चोळली की बारीक, मूठ हलवली की भाकरीपुरतं जाडंभरडं. डब्यावर हात आडवा फिरवला की "माझ्याआधी बाजरी टाकू नका, माझे गहू आहेत." ही भाषा गावातल्या नव्या सुनासुद्धा आठ दिवसांत शिकायच्या. मामांच्या घरात तर ती चुलीपर्यंत पोचली होती. त्यांची बायको पारूबाई ताटाशी भाकरी धरून नुसत्या भुवया उंचावायची, मामा दोन बोटं दाखवायचे. मुलगा विलास लहानपणापासून हेच बघत वाढला. बोलण्यावाचून त्या घराचं कधी अडलं नाही.

मशिनं बंद पडणं हा आमचा रोजचा पाहुणा. कधी एक फेज जायचा, कधी पट्टा तुटायचा. उन्हाळ्यात, ऐन शेवयांच्या दिवसांत, एकदा माझ्या मशिनचं बेअरिंग गेलं. बारा जणींनी पीठ भिजवून आणलेलं, बाहेर ऊन रणरणत होतं, पीठ आंबायला दोन तास पुरे. कुणाचं पीठ आधी आंबेल त्याची मी यादी करत बसले. मामांनी सगळ्या परातींवर ओली फडकी टाकायला लावली, त्या उचलून गिरणीमागच्या चिंचेखाली नेल्या, आणि लूनावर नारायणगावला गेले. बेअरिंग घेऊन आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. बसवताना म्हणाले, "मशिन येकदम बिघडत न्हाई, वैनी. आठ दिस आदी सांगत असतंय. आपल्यालाच सवड नसती."

हे वाक्य मी त्या दिवशी लिहून ठेवलं. मशिनबद्दलचंच ते वाक्य आहे असं मी धरून चालले होते.

विलास आयटीआय शिकलेला. त्याला जुने दगड काढून नवी चक्की बसवायची होती, पट्ट्याभोवती लोखंडी जाळी करायची होती. मामा म्हणायचे, "जाळीत पट्टा म्हंजे पिंजऱ्यात बैल. हात पोचला न्हाई तर शिलाई कशी बघायची?" महिना-दोन महिने धुसफूस चालली. एका सकाळी लाइट गेली, गिरणी थांबली. मामा टाकी लावायला दगड उघडून बसले होते. विलास त्यांच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते, शब्द मला कळले नाहीत. मामांनी मान वर केली नाही. विलास थोडा वेळ थांबला, परत काही बोलला, मग निघून गेला. संध्याकाळी त्याने बायको-मुलांसह भोसरी गाठली. तिथे कंपनीत लागला. पारूबाई माझ्यापाशी येऊन रडली. "पोटचं पोरगं पाठीशी हुबं, गिरन बंद, आन् ह्यांनी वळून बघू नये? काय काळीज म्हनायचं हे!" गावही तेच म्हणालं. खरं सांगायचं तर मीही.

मामांनी पुढे कधी विलासचं नाव काढलं नाही. आणखी गप्प झाले. आम्ही त्याला हट्ट म्हणत राहिलो.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने एका सकाळी मी शेवयांचे साचे धूत होते. गिरणीच्या वरच्या पेटीतलं धान्य संपलं आणि दगडावर दगड घासू लागला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याच्या दातांना तो आठवतो. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला. समोरच्या घरातलं मूल रडायला लागलं. आणि मामा, दगडापासून दोन हातांवर, शांतपणे एका पोत्याचं तोंड शिवत होते. सुतळी ओढली, गाठ मारली, दुसरं पोतं घेतलं. मग जळका वास त्यांच्या नाकापर्यंत गेला, तेव्हा झेप घेऊन त्यांनी बटण दाबलं.

वळले तर मी समोर. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"कधीपासून?" मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. हे ते नेहमीच करायचे, माझ्या ध्यानात आजवर आलं नव्हतं.

"चार-पाच वरसं झाली आसतील. आदी बारीक आवाज गेलं, मंग मानसांचं." पाऊल ओट्यावर आपटून म्हणाले, "मशिन हितनं कळतं. मानूस कळत न्हाई." मग दाराकडे बघून हळूच, त्यांच्या समजुतीने हळूच, म्हणजे चांगलं मोठ्याने म्हणाले, "कुनाला बोलू नका, वैनी. भैऱ्याच्या गिरनीत कोन दळाण घिऊन यील? आन् गिरन सोडून मला दुसरं काय येतं?"

मी हो म्हणाले. आयुष्यात मी जे होकार दिले त्यांतला हा एक मला अजून टोचतो.

मी लगेच उपाय करायला घेतले. तो माझा स्वभाव. वरच्या पेटीत एक लाकडी ठोकळा सोडला, त्याला दोरी, दोरीला लाल चिंधी. धान्य खाली गेलं की चिंधी त्यांच्या डोळ्यांसमोर उतरायची. बायकांनी उभं राहायच्या जागी चुन्याची रेघ मारली. माझं मशिन मी फिरवून घेतलं, म्हणजे काम करताना माझं तोंड पट्ट्याकडे राहील. पण शेवया घालताना माझं अर्धं लक्ष तिकडेच असायचं. कुणी वाकलं की माझा हात थांबायचा. एखादं मूल आत धावलं की मी पिठाच्या हातांनी त्याला धरायची. घरी जेवताना सुद्धा कानात ती घरघर असायची, आणि तिच्यात कुणी ओरडत तर नाही ना, हे मी ऐकत बसायची. पारूबाईलाही मी सांगितलं नाही. विलासकडे त्यांनी वळून न बघण्याचा अर्थ मला आता कळला होता, तरी सांगितलं नाही. दिलेला शब्द म्हणून गप्प राहिले. शिवाय गिरणी बंद झाली तर शेड जाणार, शेड गेली तर माझं मशिन कुठे ठेवायचं, हेही मनात होतंच.

ऊसतोड सुरू झाली की पारगावकडे तोडकरी उतरायचे, आणि त्यांच्या बाया बाजरी घेऊन सकाळीच रांगेत. त्यातली एक, हिरा नावाची, नवीन होती. चुन्याची रेघ तिला कुणी सांगितली नव्हती. सांडलेली बाजरी गोळा करायला ती वाकली आणि तिचा पदर पट्ट्यात गेला. ती ओरडली. सगळ्याच ओरडल्या. मामा तिच्याकडे पाठ करून पिठाची नळी झटकत होते.

मी शेवयांची परात टाकून धावले आणि मेन स्विच खाली ओढला. पट्टा थांबेपर्यंत लुगडं कमरेपर्यंत ओढलं गेलं होतं, दंड सोलपटला होता. जीव वाचला. मोटार थांबली, पायाखालची थरथर गेली, तेव्हा मामा वळले. "लाइट गेली का?" म्हणाले.

मग त्यांनी हिराला पाहिलं.

तिला दवाखान्यात नेऊन आणलं. मामा चार दिवस गिरणीकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी ते तोडकऱ्यांच्या खोपीवर गेले, मला आणि पारूबाईला बरोबर घेऊन. हिराच्या नवऱ्यासमोर, पन्नास माणसांत, हात जोडून म्हणाले, "मला आयकू येत न्हाई. पाच-सा वरसं झाली. मी लपवलं. चूक तुमच्या बायकूची न्हाई, माझी हाय."

पारूबाईने एवढंच विचारलं, "मंग विलास बोल्ला तवा?" त्यांना ते ऐकू गेलं नाही. तेव्हाही ऐकू गेलं नव्हतं, हे उत्तर मी दिलं. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने भोसरी गाठली. विलास कंपनीच्या गेटवर भेटला. मी सगळं क्रमाने सांगितलं, माझ्या वर्षभराच्या गप्प बसण्यासकट. तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसला. "काकी, मला वाटलं माझं तोंड बघायची इच्छा न्हाई त्यांना," म्हणाला. "तीन वर्सं मी हेच धरून बसलो."

रविवारी तो लोखंडी जाळी घेऊन आला. मामांनी या खेपेला पिंजरा-बैल काही काढलं नाही, उलट पाना हातात देत राहिले. ठरलं असं की स्टार्टर आणि पट्टा यापुढे पारूबाईकडे, मामांनी फक्त दगडांना टाकी लावायची. पारूबाईने पहिल्याच दिवशी मामांना बजावलं, "आता माझ्या गिरनीत वाटंत हुबं ऱ्हायचं न्हाई." दळण कमी होईल ही मामांची भीती फुकट गेली. बायका आल्या, डब्यांची रांग लागली, जुन्याच खुणांनी दळण सांगू लागल्या.

जाळी बसली आणि विलास बापासमोर उभा राहिला. रांगेत नऊ-दहा जणी होत्या. गिरणी बंद होती. त्याला जे सांगायचं होतं ते घरात, दार लावून सांगण्यासारखं होतं. पण हळू बोलून भागणार नव्हतं. त्याने बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडला, "बाबा! त्या दिवशी मी इचारलं व्हतं, जाऊ का म्हनून!"

आळीभर ऐकू गेलं. डबे खाली ठेवले गेले.

"मंग गेलास कशापायी?"

"तुमी काय बोललाच न्हाई!"

मामांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग दगडाकडे. हाताला लागलेलं पीठ धोतराला पुसलं. "न्हाई म्हनलो आसतो," ते म्हणाले. "जाऊ नगं म्हनलो आसतो. येवडंच व्हतं."

रांगेतली एक म्हातारी नाक ओढून म्हणाली, "घ्या! येवड्या येका शब्दापायी तीन वरसं. आता तरी माझं दळण टाका, राव." सगळ्या हसल्या. विलासही हसला आणि तोंड फिरवून जाळीचे बोल्ट पुन्हा आवळायला लागला. ते आधीच घट्ट होते.

मामा त्यानंतर सहा वर्षं होते. शेवटपर्यंत दगडांना टाकी त्यांनीच लावली. ते गेले तेव्हा पारूबाईने तेरा दिवस गिरणी बंद ठेवली आणि चौदाव्या दिवशी स्वतः सुरू केली. विलास दर रविवारी यायचा, मुलांना घेऊन यायचा, पण राहायला परत कधी आला नाही. मुलांच्या शाळा तिकडे होत्या, बायकोनेही तिथेच शिवणकाम धरलं होतं.

पण त्या पहिल्या रविवारचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी शेवटच्या एसटीची वेळ झाली. विलास पिशवी घेऊन अंगणात आला, मी आणि पारूबाई दारातच होतो. या वेळी तो मामांच्या अगदी पुढ्यात आला, तोंडावर उजेड पडेल असा उभा राहिला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला, "बाबा, जाऊ का?"

मामांनी प्रश्न पुरता वाचला. एसटीचा हॉर्न वाजला, तो आम्ही तिघांनी ऐकला.

"जा," मामा म्हणाले. "आता जा. पोरं वाट बघत आसतील."